रायफलची बैठक आणि हलणारा नेम : वाचकांचे प्रश्न

चवथ आटोपून पाऊस ओसरू लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास वाढते : मे महिन्यात जिथं गोळी लागत होती, तिथं आता लागत नाही. त्यातली निवडक पत्रं इथं घेतली आहेत. अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये कशी बसली आहे, हाच या सगळ्यांचा मूळ प्रश्न. अ‍ॅक्शन म्हणजे बॅरलमागचा, गोळी भरण्या-उडवण्याची यंत्रणा असलेला धातूचा भाग; स्टॉक म्हणजे तो ज्यात बसतो ती, बहुधा लाकडी, चौकट. रेंजवर त्याला ‘बेडिंग’ म्हणतात. मराठीतला ‘बैठक’ हा शब्द त्याला नेमका लागू पडतो, म्हणून खाली दोन्ही वापरले आहेत.

प्रश्न : माझी .२२ची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल लाकडी स्टॉकची आहे. मागच्या हिवाळ्यात ५० मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप १५ मिलिमीटरच्या आत यायचा. आता तो उभा पसरतो, ३५ मिलिमीटरपर्यंत. कधी एकाच कागदावर दोन वेगळे ग्रुप पडतात. क्लबात म्हणतात, बॅरल गेलं. खरंच तसं असेल का?
— क्लब सदस्य, पर्वरी

उत्तर : बॅरल गेलं हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढायचा. .२२ची गोळी मऊ शिशाची आणि वेगाने बेताची असते. साफसफाईच्या गजाने तोंड घासून बिघडवलं नसेल, तर असं बॅरल हजारो गोळ्या सहज सोसतं.

आधी साइट किंवा स्कोपच्या माउंटचे स्क्रू पाहा. मग गोळ्या. दोन्ही वेळी एकाच लॉटच्या होत्या का? गोळी सेकंदाला किती मीटर वेगाने निघते, यात १० मीटरचा फरक पडला तरी ५० मीटरवर ती सुमारे ७ मिलिमीटर खाली-वर लागते. म्हणजे स्वस्त लॉट एकटाच तुमच्या उभ्या पसरण्यातला बराचसा भाग देऊ शकतो. मात्र एकाच कागदावर दोन स्वतंत्र ग्रुप पडणं, हे गोळ्यांचं लक्षण नाही. तिथं अ‍ॅक्शनला बसायला दोन जागा सापडल्या आहेत आणि धक्क्यासरशी ती एकीवरून दुसरीवर सरकते आहे.

लक्षणं अशी वाचा. दोन ग्रुप : रिकॉइल लगमागे (अ‍ॅक्शनच्या तळाचा, गोळीचा धक्का स्टॉकला पोचवणारा ठोकळा) पोकळी, किंवा सैल स्क्रू. उभा पसारा : अ‍ॅक्शन मधल्या एखाद्या उंचवट्यावर टेकून पाळण्यासारखी पुढेमागे झुलते, किंवा स्टॉकचं पुढचं टोक बॅरलला खालून लागतं. गोळीगणिक एकाच दिशेला चालत जाणारा ग्रुप : बॅरल तापून स्टॉकच्या एका कडेला टेकतं.

खात्रीसाठी डायल गेज हवा. रायफल रिकामी आहे हे चेंबरमध्ये बोट घालून पाहा आणि बोल्ट काढून बाजूला ठेवा. गेजचा पाय बॅरलवर बसवा आणि सुई स्टॉकच्या पुढच्या टोकावर टेकवा. मग पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू सैल करा, पुन्हा आवळा. सुई ०.०५ मि.मी.पर्यंत हलली तर बैठक चांगली. ०.१० च्या पुढे गेली तर प्रत्येक आवळणीला तुम्ही अ‍ॅक्शन वाकवत आहात. मागच्या स्क्रूचीही अशीच परीक्षा घ्या. गेज नसेल तर बॅरल आणि स्टॉकच्या सांध्यावर बोटाचं टोक ठेवून कुणाला तरी स्क्रू फिरवायला सांगा, ०.१ मि.मी.ची हालचाल बोटाला कळते.

टेकते कुठं हे पाहायला समईच्या ज्योतीवर धरलेल्या बशीची काजळी पुरते. ती अ‍ॅक्शनच्या तळाला पातळ लावा, अ‍ॅक्शन सरळ खाली बसवा आणि सरळ वर उचला. लाकडावर काळे ठसे उमटतील. लगमागच्या उभ्या भिंतीवर ठसा नसेल, किंवा एकाच कोपऱ्यात असेल, तर दोष सापडला.

प्रश्न : आमच्या वाड्यावरचा मेस्त (सुतार) फार सफाईने काम करतो. रायफल दोन दिवस त्याच्याकडे ठेवून बैठक करून घेऊ का?
— वाचक, फोंडा

उत्तर : रायफल ठेवू नका. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ प्रमाणे बंदुकांच्या दुरुस्तीच्या व्यवसायाला वेगळा परवाना लागतो, आणि तुमचं शस्त्र बिनपरवाना माणसाच्या ताब्यात राहणं हा तुमच्याही परवान्याला धोका आहे. धातूचा भाग हाताळायचं काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे किंवा क्लबच्या आर्मररकडे द्या. नुसता लाकडी स्टॉक मात्र मेस्ताकडे जाऊ शकतो. चीर भरणं, तेल शोषलेलं लाकूड काढून ठिगळ बसवणं, बॅरलची खाच मोकळी करणं यात त्याचा हात तुमच्यापेक्षा चांगलाच असेल. खालची कृती वाचतानाही हा फरक ध्यानात असू द्या : आर्मररला काय सांगायचं आणि काम परत आल्यावर काय तपासायचं, हे तुम्हाला कळावं म्हणून ती तपशिलात दिली आहे.

प्रश्न : माउझर पद्धतीची .३०-०६ स्पोर्टिंग रायफल, अक्रोडाचा स्टॉक. आर्मरर एपॉक्सीचं बेडिंग करायला तयार आहे, पण त्याने आजवर .२२ वरच काम केलंय. कृती क्रमवार द्याल का?
— परवानाधारक नेमबाज, मडगाव

उत्तर : आधी महिना ठरवा, डिसेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५–९० टक्के राहते, आणि उघडं लाकूड अशा हवेत मुरलं की त्यातलं पाणी १८–२० टक्क्यांपर्यंत चढतं. कोरड्या दिवसांत तेच १२ टक्क्यांच्या आसपास येतं. फुगलेल्या लाकडात ओतलेली बैठक जानेवारीत लाकूड आकसलं की सैल पडते. दुसरं कारण एपॉक्सीचं. दमट हवेत तिच्या पृष्ठभागावर मेणचट थर येतो, त्यावर पुढचा थर धरत नाही. काम सुरू करण्याआधी स्टॉक दोन आठवडे कोरड्या खोलीत उभा ठेवा.

माउझरला बैठक दोनच जागी लागते : पुढे रिसीव्हरच्या कड्याखाली (अ‍ॅक्शनच्या सांगाड्याचा पुढचा गोल भाग) लगसह आणि मागे टँगखाली (अ‍ॅक्शनची मागची शेपटी). मधला भाग मॅगझिनचा, तिथं टेकू नको.

खोदाई. लगच्या मागे आणि कड्याखाली २ ते ३ मि.मी. लाकूड पटाशीने काढा. वरून दिसणारी कडेची २ मि.मी.ची पट्टी मात्र शाबूत राहू द्या, नाहीतर एपॉक्सीची रेघ बाहेरून दिसत राहील. बाजूंना दीड मिलिमीटर पुरे. टँगखाली तेवढंच, पण टँगच्या मागच्या टोकापाशी अर्धा ते एक मिलिमीटर रिकामी जागा हवीच. ती नसली तर प्रत्येक धक्का टँग पाचरीसारखी लाकडात ठोकते आणि मनगटापाशी स्टॉक चिरतो. जुन्या रायफलींत टँगमागे दिसणारी चीर बहुतेक याच कारणाने पडलेली असते. खोदलेल्या तळात ३ मि.मी.च्या ड्रिलने तिरकी, ५ मि.मी. खोल चार-पाच भोकं पाडा. एपॉक्सी त्यांत शिरून दातासारखी धरते. चकचकीत लाकडाला ती धरत नाही, म्हणून तळ खरबरीत सोडा.

पिलर. लाकूड स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू चेपत जातं. म्हणून स्क्रूभोवती धातूची नळी बसवतात, की स्क्रू आवळला तर धातूवर धातू आवळला जावा. अ‍ॅल्युमिनियमची नळी बाहेरून १२ ते १४ मि.मी. व्यासाची घ्या. आतून ७ मि.मी.पेक्षा कमी नको, कारण पाव इंची स्क्रूला सर्व बाजूंनी मोकळीक लागते. स्क्रूचा दांडा भोकाच्या भिंतीला लागला तर धक्का लगऐवजी स्क्रू घेतो, आणि मग बाकी सगळी मेहनत पाण्यात. माउझरचा तळ सपाट असल्याने नळीचं तोंड काटकोनात कापलं की काम होतं. गोल तळाच्या अ‍ॅक्शनला ते तोंड कानशीने गोलाकार करावं लागतं. मागच्या स्क्रूला मूळ माउझरमध्ये पोलादी नळी असते. ती हरवली नाही ना, ते पाहा. पिलरची लांबी व्हर्नियरने मोजून अशी ठेवा, की दोन्ही स्क्रू आवळल्यावरही मॅगझिनची पेटी वर-खाली अर्धा मिलिमीटर हलेल. पेटी अ‍ॅक्शन आणि ट्रिगर गार्डमध्ये चिमटली गेली तर बैठक कितीही सुबक असो, अ‍ॅक्शन पेटीवर उभी राहते. हा दोष फार आढळतो आणि फार उशिरा सापडतो.

टेप. विजेच्या कामाची पीव्हीसी टेप साधारण ०.१३ मि.मी. जाड असते. लगच्या पुढच्या बाजूला, दोन्ही कडांना आणि तळाला तिचे दोन थर लावा. मागची बाजू उघडी ठेवा. लगने फक्त मागे रेटायचं असतं. तो तळाशी टेकला तर कडं अधांतरी राहतं. पुढून घट्ट बसला तर अ‍ॅक्शन दर वेळी काढताना एपॉक्सी खरवडली जाते आणि दोन-तीन वर्षांत मागचीच बाजू सैल होते. बॅरलला स्टॉकच्या टोकापाशी टेपचे वेढे द्या, म्हणजे ते खाचेच्या मधोमध आणि योग्य उंचीवर राहील. बॅरल जड असेल तर बैठक लगच्या पुढे ३०–४० मि.मी.पर्यंत न्या, हलक्या स्पोर्टिंग बॅरलला लगपाशीच थांबा.

क्ले आणि मेण. बोल्ट स्टॉपची खाच, ट्रिगरची जागा, मॅगझिनचं तोंड, पिनांची भोकं, जिथं जिथं एपॉक्सी शिरून कडक झाली तर अडकेल, ते सगळं मुलांच्या क्लेने भरून सपाट करा. ट्रिगर काढूनच ठेवलेला बरा. मग अ‍ॅक्शन, स्क्रू, ट्रिगर गार्ड या सगळ्यांना रंगहीन बूट पॉलिशचे किंवा फर्निचरच्या घट्ट मेणाचे तीन हात द्या. प्रत्येक हात वाळू द्या, मग फडक्याने चोळा. स्क्रूच्या आट्यांतही मेण गेलं पाहिजे. उघडा राहिलेला नखाएवढा ठिपकाही अ‍ॅक्शन जन्माची चिकटवायला पुरतो.

ओतणी. अ‍ॅक्शनला मूळ स्क्रूंऐवजी त्याच आट्यांचे, डोकं कापलेले दोन लांब स्क्रू लावा. ते वाट दाखवण्यापुरते. एपॉक्सी आधी लगच्या खाचेत घाला आणि दात कोरणीने कोपऱ्यांत दाबत जा, म्हणजे हवा निघेल. मग उरलेल्या जागी. अ‍ॅक्शन पुढून लग आधी आणि मागून टँग, अशी हलक्या हाताने बसवा. कडांनी एपॉक्सी थोडी वर आली पाहिजे. नाही आली तर कमी पडली आहे, अ‍ॅक्शन उचलून आणखी भरा.

आता स्क्रू आवळण्याचा मोह होतो. आवळू नका! आवळला की धातू लाकडाच्या आकाराप्रमाणे वाकतो, त्या वाकलेल्या अवस्थेतच एपॉक्सी घट्ट होते, आणि पुढे ज्या दिवशी स्क्रू सैल कराल त्या दिवशी अ‍ॅक्शन आपल्या मूळ आकारात परत उसळते. डायल गेजवर ०.१० च्या पुढे गेलेल्या नव्या बेडिंगमागे शंभरात नव्वद वेळा हेच कारण असतं. सायकलच्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी दोन-तीन वेढे, न ताणता, एवढा दाब पुरे.

कडांची ओली एपॉक्सी कापसाच्या काडीला पांढरं व्हिनेगर लावून पुसा. थिनर किंवा अ‍ॅसिटोन वापरलं तर ते फटीतून आत उतरतं आणि मेणाचा थर धुऊन नेतं. तीन-चार तासांनी वाटाड्या स्क्रू अर्धा फेरा फिरवून मोकळे करा. २४ तास थांबा. मग बॅरल धरून अ‍ॅक्शन सरळ वर काढा, मागचा भाग आधी उचकटू नका.

तपासणी. पेन्सिलीच्या टोकाएवढे बुडबुडे चालतात. लगमागच्या भिंतीवर मात्र एकही नको. असेल तर तो भाग खरबरीत करून नव्या एपॉक्सीने भरा आणि अ‍ॅक्शन पुन्हा बसवा. स्क्रूची भोकं ७ मि.मी.च्या ड्रिलने पुन्हा मोकळी करा. बोल्टची मूठ बंद स्थितीत लाकडाला लागत नाही ना, सेफ्टी पूर्ण फिरते ना, ट्रिगर कुठं घासत नाही ना, हे रिकाम्या रायफलीवर पाहा. ट्रिगर घासत असेल तर गोळी भरायचीच नाही. बॅरलच्या खाचेत आणि जिथं जिथं कोरं लाकूड दिसेल तिथं पॉलियुरेथिनच्या पॉलिशचे दोन हात द्या. आपल्या हवेत ही पायरी बेडिंगइतकीच महत्त्वाची आहे आणि हीच बहुधा गाळली जाते.

एपॉक्सीला पूर्ण ताकद यायला सात दिवस द्या. तुलना करायची तर काम सुरू होण्याआधीच त्याच लॉटच्या गोळ्यांनी पाच-पाचचे चार ग्रुप मारून कागद जपून ठेवा. एका ग्रुपवरून काहीही कळत नाही. झिजलेल्या बॅरलला बैठक वाचवत नाही. ती देते ती एकच गोष्ट : अ‍ॅक्शन दर गोळीनंतर त्याच जागी परत येते.

प्रश्न : माझं फायबर बोटींच्या दुरुस्तीचं काम आहे. आमच्याकडे रेझिन, काचेचा कापड, हार्डनर पिंपाने असतं. तेच चालेल ना?
— वाचक, चिखली

उत्तर : पिंपात काय आहे त्यावर अवलंबून. बोटीच्या कामात बहुतेक पॉलिस्टर रेझिन वापरतात. त्याला एक-दोन टक्के हार्डनर लागतो आणि उग्र वास येतो. ते घट्ट होताना ७–८ टक्क्यांपर्यंत आकसतं. बोटीच्या कवचाला त्याने फरक पडत नाही, पण लगमागे ०.१ मि.मी.ची फट पडली की बैठक वाया. शिवाय ते लाकडाला एपॉक्सीइतकं धरत नाही. म्हणून एपॉक्सीच हवी, तीही भरणी घातलेली, लोण्यासारखी घट्ट, ओघळणारी नको.

पोलादाची पूड असलेली डेव्हकॉनची स्टील पुट्टी या कामाला जगभर वापरतात. तिचं प्रमाण वजनाने ९ भाग रेझिनला १ भाग हार्डनर, आकारमानाने अडीचला एक. ही दोन प्रमाणं एकमेकांत मिसळल्याने वाया गेलेली कामं पुष्कळ. वजन करणार असाल तर ०.१ ग्रॅमचा काटा हवा. साधं, सावकाश घट्ट होणारं अ‍ॅराल्डाइट आकारमानाने एकास एक, वजनाने १०० ला ८०. त्यात बारीक चाळलेली अ‍ॅल्युमिनियमची पूड मिसळली तर .२२च्या धक्क्याला ते पुरतं. पाच मिनिटांत घट्ट होणारं मात्र नको. ते उष्णतेने मऊ पडतं, आणि तुमची मांडणी होण्याआधीच आळतं.

दोन जागांच्या बैठकीला ५० ते ६० ग्रॅम पुरेसं. मिश्रण कपात ढीग करून ठेवू नका, ते आतल्या आत तापून लवकर आळतं. फरशीच्या तुकड्यावर पातळ पसरा. हवा दहा अंशांनी वाढली की हाताळायचा वेळ साधारण निम्मा होतो, हे तुम्हाला कामामुळे ठाऊक असेलच. सकाळी लवकर करा. हार्डनर कातडीला लागू देऊ नका, हातमोजे घाला.

प्रश्न : बेडिंग झालं, पण अ‍ॅक्शन स्टॉकमधून निघतच नाही. तीन दिवस झाले. स्टॉक फोडावा लागेल का?
— वाचक, वास्को

उत्तर : बहुधा नाही. आधी विचार करा की ती चिकटली आहे की अडकली आहे. मेण सगळीकडे लागलं असेल तर एखाद्या भोकात किंवा खाचेत एपॉक्सीचं कुलूप झालं आहे. स्क्रू निघतात का पाहा. निघत नसतील तर स्क्रूच्या डोक्यावर तापलेलं सोल्डरिंग आयर्न पाच मिनिटं टेकवा. ६०–८० अंशांपुढे बहुतेक एपॉक्सी मऊ पडतात, स्क्रू फिरेल.

स्क्रू निघाल्यावरही अ‍ॅक्शन हलत नसेल, तर गार करा. सगळी रायफल प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये चार-पाच तास ठेवता आली तर उत्तम. धातू, एपॉक्सी आणि लाकूड वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि धरलेला सांधा सुटतो. बाहेर काढल्याबरोबर स्टॉक उलटा करून गादीवर धरा आणि बॅरलवर, स्टॉकच्या टोकाजवळ, रबरी हातोड्याने खालच्या दिशेने ठोका. स्क्रूच्या भोकातून दांडा घालून अ‍ॅक्शनवर घाव घालणं टाळा, आटे बिघडतात. गार रायफलीवर आपल्या हवेत लगेच दव धरतं. निघाल्यावर बॅरल आतून-बाहेरून पुसून तेल लावा, त्याच तासात.

प्रश्न : बॅरल पूर्ण मोकळं ठेवावं की टोकाशी थोडा दाब द्यावा? आणि स्क्रू किती आवळावेत?
— दोन वाचकांचे प्रश्न एकत्र, म्हापसा व डिचोली

उत्तर : हलक्या बॅरलला स्टॉकच्या टोकाशी दोन-चार किलोचा वरचा दाब दिला तर काही रायफली खरंच चांगला ग्रुप देतात, कारण बॅरलची थरथर दबते. पण लाकडी स्टॉक असेल आणि तुम्ही गोव्यात राहत असाल तर तो नाद सोडा. तो दाब पावसाळ्यात एक असतो आणि उन्हाळ्यात दुसरा, आणि त्याबरोबर झिरोही (साइट जुळवून पक्का केलेला नेम). बॅरल मोकळंच ठेवा. कागदाची पट्टी लगपर्यंत विनाअडथळा सरकते एवढ्यावर समाधान मानू नका. लाकूड फुगल्यावरही जागा उरली पाहिजे. दोन्ही बाजूंना दीड मिलिमीटर ठेवा.

आवळणी टॉर्क रेंचनेच करावी. पिलर नसलेल्या लाकडी स्टॉकला ४ ते साडेचार न्यूटन-मीटर, पिलर असतील तर ७ पर्यंत. ५० मीटरच्या .२२ मॅच रायफलींना ५ च्या आसपास. उत्पादकाने आकडा दिला असेल तर तोच धरा. आधी रायफल उभी धरून बट (खांद्याला टेकणारं स्टॉकचं मागचं टोक) जमिनीवर हलके आपटा, म्हणजे लग मागे जाऊन बसेल. मग पुढचा स्क्रू, नंतर मागचा. बैठक चांगली असेल तर अर्ध्या न्यूटन-मीटरच्या फरकाने ग्रुप बदलत नाही. बदलत असेल तर स्क्रूशी खेळत बसण्याऐवजी बैठक पुन्हा तपासा.

प्रश्न : पीकरक्षणासाठी घेतलेली .३१५ रायफल निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा होती. परत आणल्यावर कागदावर नेम हातभर डावीकडे! लाकूड तेलाने काळं झालेलं आहे.
— बागायतदार, सांगे

उत्तर : .३१५ची अ‍ॅक्शन ली-एनफील्ड पद्धतीची, स्टॉक दोन तुकड्यांचा. वरची माउझरची कृती तिला लागू होत नाही. इथं धक्का लगवर येत नाही. पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला, अ‍ॅक्शनच्या दोन्ही अंगांना जे दोन खांदे टेकतात, ते तो घेतात. दोन्ही सारखे टेकले पाहिजेत. एकच टेकत असेल तर प्रत्येक गोळीला अ‍ॅक्शन त्या बाजूला पिळली जाते. तुमचा आडवा सरकलेला नेम त्याकडेच बोट दाखवतो. काही महिने बंद, दमट जागेत रायफल पडून राहिली की लाकूड एका अंगाने जास्त फुगतं. त्यातच तेल मुरून मऊ झालेलं लाकूड खांद्यापाशी चेपतं.

पहिलं काम : लगेच काही खोदू नका. लाकूड दोन-तीन आठवडे घरच्या कोरड्या हवेत स्थिरावू द्या. उन्हात नको, चुलीजवळ नको, चिरेल. मग काजळीने दोन्ही खांद्यांचे ठसे घ्या. लाकडातलं तेल काढायला अ‍ॅसिटोनमध्ये कालवलेली खडूची पूड जाड थापा, वाळली की झटका. चार-पाच वेळा, पूड पांढरी राहीपर्यंत. तेलकट लाकडाला कोणतीही एपॉक्सी धरत नाही. त्यानंतर मऊ झालेला भाग चौकोनी कापून त्या जागी कडक लाकडाचं ठिगळ एपॉक्सीने बसवावं. ठिगळाचे उभे रेषे धक्क्याच्या दिशेला यावेत. सागवान इथं नको, ते दाबाखाली चेपतं आणि त्याच्या नैसर्गिक तेलामुळे गोंदही नीट धरत नाही. जुनं शिसम उत्तम.

ट्रिगर गार्डच्या पुढच्या स्क्रूभोवती असलेली छोटी धातूची नळी जागेवर आहे का ते पाहा. ती हरवलेली असते तेव्हा लोक स्क्रू लाकडावर आवळत जातात आणि नेम महिन्यागणिक फिरतो. आणखी एक सावधगिरी : या घराण्याच्या काही रायफलींत बटचा लांब बोल्ट पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेला असतो. पुढचं लाकूड न काढता तो फिरवला तर लाकूड उभं चिरतं. म्हणून आधी पुढचं लाकूड, मग बट, हाच क्रम.

पुढच्या वेळी जमा करण्याआधी लाकडाला आतून-बाहेरून जवसाच्या तेलाऐवजी पॉलियुरेथिनचा हात द्या, धातूला तेल लावा, आणि फोमच्या बंद पिशवीत रायफल देऊ नका. फोम पाणी धरून ठेवतो.

प्रश्न : स्वप्नील कुसाळेंनी २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटरमध्ये कांस्य मिळवल्यापासून मुलगी नेमबाजी शिकते आहे. १० मीटर एअर रायफलचंही बेडिंग करून घ्यावं का?
— पालक, पणजी

उत्तर : नको. स्पर्धेच्या एअर रायफलींचा स्टॉक आता बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि धक्का जवळजवळ नसतोच. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे पालकांना प्रत्येक हुकलेल्या पेलेटमागे यंत्राचा दोष दिसतो, हे समजण्यासारखं आहे. महिन्यातून एकदा अ‍ॅक्शनचे स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवर तपासा. क्लबची लाकडी स्टॉकची स्प्रिंगवाली रायफल ती वापरत असेल तर दर आठवड्याला तपासा. स्प्रिंगच्या दुहेरी झटक्याने तिचे स्क्रू सैल होतातच. स्क्रूखाली चांदणीसारख्या दातांचा स्टार वॉशर आहे का पाहा, आणि आट्यांना निळ्या रंगाच्या थ्रेड लॉकरचा एक थेंब लावा. लाल नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही.